मला पायाला धरून उचला

मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या पुढे लागणारी, लांबचे जवळ दाखवणारी. तुम्ही लग्नात फोटोवाल्याकडे पाहता तशी मुठीएवढी नव्हे. मोठ्या माणसाच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माझी लांबी भरते आणि वजन एखाद्या मध्यम कलिंगडाएवढे. मित्रांनो, हे वजन आता मलाच जड वाटते. ज्या खांद्यांनी मला वाहिले ते सगळे मला आठवतात. त्यातला एक खांदा आता नाही, म्हणून मी बोलते आहे. एरवी आम्ही लेन्सा गप्प राहतो. आमचे काम पाहण्याचे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे काच वितळवतात आणि मग अगदी हळू थंड करतात. घाई केली तर काचेच्या पोटात ताण राहतो आणि तो पुढे कधीतरी बाहेर येतो. अशा कितीतरी काचा घासून, पारखून, पंगतीत पाने मांडावीत तशा माझ्या नळीत एकामागे एक बसवल्या गेल्या. एक पान केसभर सरकले तरी सगळी पंगत बिघडते. मी बाहेरून तोफेसारखी दिसते खरी, पण आतून मी अशी आहे.

माझ्या पोटाभोवती एक कडे आहे. त्या कड्याला खालून धातूचा एक आडवा पाय आहे. त्या पायावर मी स्टँडवर बसते आणि त्याच पायाला धरून मला उचलायचे असते. मागच्या टोकाला कॅमेरा अडकतो, तो माझा गळा. गळ्याला एक पातळ कडी आहे. ती कॅमेऱ्याचे वजन पेलते, माझे नाही. ही साधी गोष्ट लक्षात न आल्यामुळे माझ्या कितीतरी बहिणी गळा मोडून पडल्या.

माझी पहिली वर्षे नागपूरच्या क्रिकेटच्या मैदानात गेली. तिथला मालक घाईचा माणूस होता. मग नवीन लेन्स आली, मी जुनी झाले आणि दुकानाच्या फळीवर जाऊन बसले. तिथून मला तुळशीरामभाऊंनी आणले.

नांदुऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. घरचा धंदा भाजीपाल्याचा, मोठा भाऊ मळा पाहायचा. त्यामुळे त्यांच्या तळहाताला वजन कळत असे. दुकानात मला हातात घेतल्याबरोबर ते म्हणाले, "चार किलोले जराशी कमी हाय." मग त्यांनी मला उलटे केले नाही, हलवून पाहिले नाही की काचेवर फुंकर मारली नाही. खालून पायाला एक हात आणि पुढच्या तोंडाखाली दुसरा हात देऊन त्यांनी मला खिडकीकडे नेले आणि उजेडात आरपार पाहिले. त्या दिवशी मला वाटले, आता आपले बरे चालेल.

तसे ते चालले.

तुळशीरामभाऊंची पद्धत ठरलेली होती. खांद्याचा पट्टा कॅमेऱ्याला कधीच नाही, माझ्या कड्याच्या दोन्ही बाजूंना ज्या कड्या आहेत त्यांना. मोटरसायकलवर पिशवी छातीशी, हँडलला नाही. एसटीत वरच्या फळीवर नाही, मांडीवर. एकदा शेगावच्या गाडीत एका कंडक्टरने मला असे मांडीवर पाहिले आणि म्हणाला, "काका, लेकराचं अर्धं तिकीट घ्या लागते."

"झोपलं हाय ते," तुळशीरामभाऊ म्हणाले. "उठवू नका. उठलं की नांदुऱ्यापर्यंत रडन."

सगळी गाडी हसली. गर्दी होती, पण कोणी पिशवीला धक्का लावला नाही.

लग्नाच्या मांडवात माझे काम नसे. माझे काम शंकरपटाचे. बैलजोड्या धावतात त्या पटावर जवळ उभे राहणे धोक्याचे. तुळशीरामभाऊ दूर, शेवटच्या रेषेच्या पलीकडे स्टँड लावायचे आणि मी धुळीतून बैल ओढून आणायची. बैलाचा मालक फोटो पाहून म्हणायचा, "भाऊ, नाकातला फेस दिसून राह्यला ना बे!" मोठे करून घेतलेले असे फोटो आसपासच्या गावांत अजूनही ओसरीवर टांगलेले आहेत. मधे पट बंद झाले, पुढे पुन्हा सुरू झाले. बंदीच्या त्या वर्षांत आम्ही पक्ष्यांकडे वळलो. थंडीत नळगंगा धरणाच्या काठावर डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस येतात, पट्टकादंब. ते फार लांब बसतात. त्यांना पाहणे हेच तुळशीरामभाऊंचे खरे सुख होते. त्याला गिऱ्हाईक नव्हते.

घरी याची थट्टा चाले. त्यांची थोरली बहीण केसरबाई गावातच दिलेली. ती येता-जाता म्हणे, "हा तुळश्या कुठी पायत बसते कोण जाणे! समोरचं माणूस दिसत नाही याले, अन् धरणावरचं पाखरू दिसते." एकदा मला मऊ कापडाने पुसताना पाहून ती म्हणाली, "लेकरापरीस जास्त जपते. बायकोले कधी एवढं जपलं नाही."

चुलीशी बसलेल्या मंजुळाबाई मान न उचलता म्हणाल्या, "मले खाली धराले कडं नाही ना, आक्का."

तुळशीरामभाऊंना एकच मुलगी, संजीवनी. शाळेत असताना एकदा तिने मला टेबलावरून उचलले. कॅमेऱ्याला धरून. माझे सगळे वजन त्या पातळ कडीवर आले आणि मी खाली लटकले. तुळशीरामभाऊ दारातूनच ओरडले, "अवं, कॅमेऱ्याले काऊन धरलं? बकरीले शेपटीनं उचलतेत का?"

पोरगी घाबरून जागच्या जागी उभी राहिली. तेव्हा आवाज उतरवून त्यांनी तिचा हात घेतला आणि माझ्या पायावर ठेवला. "वजन जिकडं, हात तिकडं. एवढंच ध्यानात ठेव." मग देण्याघेण्याची रीत शिकवली. देणाऱ्याने म्हणायचे "घे", आणि घेणाऱ्याने "आली" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. हे दोघांचे कितीतरी दिवस चालले. घे, आली. घे, आली. मंजुळाबाई वैतागून म्हणत, "गावात लोकं पोरी देतेत, त्यालेही एवढा वेळ लागत नाही."

संजीवनी मोठी झाली, शेगावला शाळेत शिक्षिका झाली. सुट्टीला आली की धरणावर सोबत जायची. पण हळूहळू तिने मला वाहणे सोडले. भाऊच वाहायचे. तिला वाटायचे बाबांना ते आवडते. ते आवडत होतेच. खांदा दुखत होता हेही खरे होते. सांगितले कोणीच नाही.

माझे घर म्हणजे घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा होता. त्यात ओल शोषणाऱ्या निळ्या मण्यांच्या छोट्या पुरचुंड्या असत. मण्यांचा रंग गुलाबी पडला की मंजुळाबाई ते कढईत मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करून देत. पावसाळ्यात हे फार वेळा करावे लागे. थंडीत पहाटेचे धरणावरून घरी आले की भाऊ पिशवी लगेच उघडत नसत. "तिले आधी घर समजू द्या," म्हणत. गार काचेला घरातली उबदार हवा लागली की आत दव धरते, आणि ते दव बाहेर निघायला वाट शोधत बसते. अधूनमधून ते माझ्या एका टोकाशी बॅटरी धरून दुसऱ्या टोकाने पाहत, आणि संजीवनीलाही दाखवत. "काही दिसलं नाही तर चांगलं. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी."

त्यांना कधी काही दिसले नाही.

एका उन्हाळ्यात तुळशीरामभाऊ स्टुडिओतल्या खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. मी मागच्या फळीवर डब्यात होते. आवाज ऐकू आले, मला कोणी उचलले नाही. यापेक्षा जास्त मी त्या दिवसाबद्दल सांगू शकत नाही.

मित्रांनो, त्यानंतर मला कोणी टाकून दिले असे समजू नका. उलट झाले. सगळ्यांनी माझ्यावर फार प्रेम केले.

संजीवनीला तो प्लास्टिकचा डबा बघवेना. बाबांची वस्तू, आणि पापड ठेवावेत तशी! तिने मला त्यांच्या शालीत गुंडाळले. पटाच्या कमिटीने एकदा सत्कारात दिलेली लोकरीची शाल होती ती. मग आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवून कुलूप लावले. किल्ली स्वतःजवळ ठेवली. शिवम नावाचा चुलतभाऊ एकदा म्हणाला, "ताई, पटासाठी दे ना लेन्स, दोन दिवसांत आणून देतो." ती म्हणाली, "नाही रे, बाबांची आहे." तिने ते इतक्या शांतपणे म्हटले की त्याने पुन्हा विचारले नाही. डब्यात खरोखरच पापड गेले.

दसऱ्याला मात्र मला बाहेर काढत. आपल्याकडे दसऱ्याला हत्याराची पूजा असते. मळ्यातल्या विळ्याची, शिंप्याच्या मशीनची, ट्रॅक्टरची. तुळशीरामभाऊ असताना कॅमेऱ्यासमोर फूल ठेवून हात जोडत, संपले. ते गेल्यावर पहिल्या दसऱ्याला केसरबाई ताट घेऊन आली. पाटावर मी, मागे भावाचा फोटो. तिने झेंडूची माळ माझ्या गळ्यात घातली, पाणी शिंपडले, आणि रडत रडत ओल्या कुंकवाचे बोट माझ्या पुढच्या काचेच्या अगदी मधोमध टेकवले. कपाळ समजून. वर हळद, वर अक्षता. माझे झाकण कोणी लावले नाही. संध्याकाळी कोणीतरी पदराने पुसले. कुंकवात बारीक कण असतात, हे तिला कोणी सांगणार?

दुसऱ्या दसऱ्यालाही तसेच.

आणि मधल्या काळात कपाट. दोन पावसाळे गेले, तिसरा लागला. लोकर ओल धरते. उजेड नाही, वारा नाही. आधी मला वाटले, हीच विश्रांती. मी खूप वर्षे लटकले होते, धुळीत उभी राहिले होते, आता झोपावे. मग माझ्या आतल्या तिसऱ्या काचेच्या कडेला काहीतरी हलके, केसासारखे उगवू लागले. दुखत नव्हते. फक्त अंधार जरा पांढरा झाला.

यंदा भाद्रपदात मंजुळाबाईंना ताप आला. पांघरायला हवी म्हणून संजीवनीने शाल काढली. शालीला कुबट वास येत होता. ती थांबली. तिने मला हातांत घेतले, खिडकीशी नेले आणि बाबा करत तसे एका बाजूला बॅटरी धरली.

ती बराच वेळ पाहत राहिली.

"काय झालं गं?" मंजुळाबाईंनी आतून विचारले.

"काही नाही. जाळं आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आई, मी ठेवली म्हणून झालं."

अकोल्याला एक दुरुस्ती करणारा आहे. संजीवनी मला मांडीवर घेऊन गाडीने गेली. त्याने भिंग लावून पाहिले, नाक खाजवले. "खोलतो. साफ होईन. पण बुरशीनं काच खाल्ली असन तर ते परत येत नाही. समोर ओरखडेही हाएत. हे काऊन लाल हाय कडेले?"

"कुंकू आहे."

तो हसणार होता. तिच्याकडे पाहून हसला नाही. "मॅडम, एक सांगा. वापरता का ठेवता? ठेवाची असन तर मी उगा खोलत नाही. कपाटात गेली की दोन सालात पुन्हा हेच. मग मात्र संपली. हिले उजेड लागते, हवा लागते. बाहेर न्या लागते."

"बाहेर नेली आणि पडली तर?"

"पडू शकते," तो म्हणाला. "हातातली वस्तू हाय."

संजीवनीसमोर दोनच वाटा होत्या. सांभाळून ठेवले तर मी हळूहळू आंधळी होणार, हे नक्की. बाहेर काढले तर कधीतरी हात चुकणार, आणि बाबांच्या हातातली शेवटची वस्तू तिच्या हातून जाणार. ती तिथल्या बाकावर बसून राहिली. शेवटी म्हणाली, "खोला." वापरीन असे काही ती म्हणाली नाही.

मी परत आले ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. धागे गेले होते. तिसऱ्या काचेवर नखाएवढा एक धुरकट डाग राहिला आहे, तो आता माझ्याबरोबरच जाईल.

दसऱ्याला सकाळी केसरबाई ताट घेऊन आली. पाट मांडला होता, मी पाटावर होते, पण तोंडावर झाकण होते. तिने झाकणाला हात घातला तेव्हा संजीवनी म्हणाली, "आत्या, काचेला नको लावू."

"काऊन?"

"खराब होते."

केसरबाईने ताट खाली ठेवले. "म्हणजे माह्या कुंकवानं खराब झाली. तसं सरळ म्हण ना. भाऊ गेला, आता त्याच्या वस्तूले हात लावाचाही हक्क नाही मले."

"तसं नाही गं आत्या. बुरशी तर माझ्यामुळे—"

"तू शिकेल हायेस बाई. तुले समजते. आम्हाले कुंकूच लावता येते."

संजीवनीचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. तेव्हा तापातून उठलेल्या, भिंतीला टेकून बसलेल्या मंजुळाबाई म्हणाल्या, "आक्का, हे होते तवा तुमी एक डाव काचेले बोट लावलं होतं. आठवते का?"

केसरबाईने मान वळवली. "हाव."

"काय म्हणले हे?"

केसरबाईच्या ओठाचा एक कोपरा हलला. "बोट तोडून मळ्यात पुरीन म्हणे. भेंडी उगवन म्हणे."

आधी मंजुळाबाई हसल्या. मग केसरबाई हसली आणि हसता हसता तिला असे रडू कोसळले की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "मेल्यानं लावू दिलं नसतं मले," ती म्हणत होती. "लावूच दिलं नसतं. मी आपली दोन साल लावून राह्यली!"

संजीवनी उठली. तिने मला पाटावर आडवे फिरवले आणि आत्याचा हात धरून माझ्या पायावर ठेवला. तिथला काळा रंग घासून गेला आहे आणि आतला धातू उघडा पडला आहे. "इथं लाव," ती म्हणाली. "बाबांचा हात इथंच असायचा."

केसरबाईने तिथे कुंकू लावले. एक नाही, पाची बोटांनी लावले.

मग डोळे पुसून म्हणाली, "दाखव मले. एवढं काय दिसे त्याले, ते तरी पाहू दे."

त्यांनी मला गच्चीवर नेले. संजीवनीने स्टँडचे पाय पसरून घट्ट केले, मला बसवले, खटका लागल्याचा आवाज ऐकला आणि तरी हात लगेच काढला नाही. मग मागे कॅमेरा अडकवला आणि केसरबाई त्याला डोळा लावून वाकली. आधी तिला काहीच दिसेना. "समदं धुकं हाय," म्हणाली. संजीवनीने माझे पुढचे, नजर जुळवायचे कडे हळूच फिरवले.

स्टेशनाच्या पलीकडे, फार लांब, विजेच्या तारेवर एक वेडा राघू बसला होता. हिरवा, चोचीत माशी. नुसत्या डोळ्यांना तिथे तारही दिसत नव्हती. त्याने माशी तारेवर आपटली, गिळली आणि मान वळवून थेट आमच्याकडे पाहिले.

केसरबाई हलली नाही. कंबर दुखेपर्यंत वाकून राहिली. आणि मग, कोणालाच उद्देशून नाही असे, म्हणाली, "तिकडं होता व्हय रे तू."

तिला तो डाग दिसला नाही. मला कळत होते की कडेला उजेड थोडा विरतो आहे. पण दिसत होते.

परतताना जिना उतरायचा होता. मंजुळाबाई म्हणाल्या, "शिवमले बोलावू का?" संजीवनी नाही म्हणाली. तिने कॅमेरा वेगळा केला, मला झाकण लावले, पट्टा मानेतून तिरपा घेतला आणि पायाला धरून उचलले. उतरताना मधे एकदा ती थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. खाली आल्यावर तिने तळहात पाहिला. तो सगळा लाल झाला होता. तिने तो लगेच धुतला नाही. पापडाचा डबा शोधून काढला, रिकामा केला आणि उन्हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरातही गेलेल्या माणसाची एखादी वस्तू कुलपात असेल. चष्मा, सतार, शिलाईचे मशीन, काहीही. तिला जपता म्हणून तुम्हाला मी नावे ठेवणार नाही. पण तिला देव करू नका. ती कशी धरायची ते जाणत्याला विचारा, नाही कोणी सांगितले तर हळू हळू हाताने शिका. वजन कुठे आहे ते आधी बघा आणि तिथे हात द्या. मग तिला बाहेर काढा. ती झिजेल. एखादे वेळी पडेलही. कपाटातही ती टिकत नाही, एवढे मी तुम्हाला अनुभवाने सांगते.

थंडी पडली की धरणावर हंस येतात. संजीवनीने रविवार ठरवला आहे. तिच्या खांद्याला माझी सवय नाही, मलाही तिच्या चालीची नाही. काठापर्यंतची वाट चढाची आहे. दमलो तर मधे बसू.

पण जाऊ.